नवी डिझायर की अमेझ, ऑरा, टिगोर? तुलना मागच्या सीटवरून सुरू करा

माझ्या मावसभावाने पहिली गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही दोघं तीन आठवडे आकड्यांवर वाद घालत होतो. त्याने लॅपटॉपवर तक्ता केला होता. चार गाड्या, चाळीस रकाने, प्रत्येक रकान्याला गुण. बेरीज केली की दर वेळी वेगळी गाडी पहिली यायची. मग एका रविवारी आम्ही मावशीला बरोबर घेऊन शोरूमला गेलो. तिचे गुडघे दुखतात. चारही गाड्यांत ती मागे बसली, उतरली, पुन्हा बसली. दोन गाड्यांबद्दल तिने तिथेच सांगितलं, "यातून मला साताऱ्यापर्यंत नको नेऊस." तीन आठवड्यांत जे झालं नव्हतं ते एका सकाळी झालं.

तेव्हापासून कुणी विचारलं की माझा पहिला सल्ला हाच असतो. छोट्या सेडानची तुलना ड्रायव्हरच्या सीटवरून करू नका. ही गाडी घ्यायचं खरं कारण तिचा मागचा अर्धा भाग आहे, म्हणजे मागची सीट आणि डिकी. पुढचा भाग तुम्हाला हॅचबॅकमध्येही (म्हणजे मागे वेगळी शेपटी नसलेल्या छोट्या गाडीत) मिळतो, आणि स्वस्तात मिळतो.

हा लेख पुण्यात पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. मध्यभागी नवी मारुती डिझायर ठेवली आहे, कारण 11 नोव्हेंबर 2024 ला ती पूर्ण नव्या रूपात आली आणि तेव्हापासून या गटातला प्रत्येक जण तिच्यापासूनच सुरुवात करतो. तिच्या पाठोपाठ डिसेंबर 2024 मध्ये होंडाची तिसऱ्या पिढीची अमेझ आली. ह्युंदाई ऑरा 2020 पासून बाजारात आहे, 2023 मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला. टाटा टिगोर त्याहून जुनी, पण सीएनजीच्या बाबतीत तिने बाकीच्यांना शिकवावं असं काम केलंय.

आधी चार मीटरची भानगड समजून घ्या

या चारही गाड्यांची लांबी 4 मीटरच्या आत का, हे कळलं की निम्म्या तडजोडी समजतात. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि छोट्या इंजिनच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. मग कंपन्यांनी सेडानची शेपटी कापून ती या मापात बसवायला सुरुवात केली. पहिली अशी गाडी म्हणजे 2008 ची टाटा इंडिगो सीएस, आपल्या पिंपरीत तयार झालेली. डिझायरनेही 2012 मध्ये हेच केलं. म्हणून या गाड्यांची डिकी बाजूने पाहिली की आखूड वाटते, आणि मागच्या सीटवर छत जरा लवकर खाली येतं.

सवलत आजही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी जीएसटी आणि उपकर मिळून 29 टक्के जायचे. म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची किंमत, साडेआठ टक्क्यांनी उतरली. आठ लाखांची गाडी साधारण सात लाख बत्तीस हजारांवर आली. त्यामुळे 2024 च्या शेवटी छापलेले तक्ते आणि तेव्हा कुणीतरी दिलेलं कोटेशन बाजूला ठेवा. खाली मी जिथे किमती दिल्यात त्या पहिल्या दिवशी जाहीर झालेल्या आहेत, फक्त फरक समजावा म्हणून.

पायरी 1: सेडान हवीच का, हे ठरवा

नवी स्विफ्ट आणि नवी डिझायर यांचं इंजिन एकच, डॅशबोर्डही जवळपास सारखा. स्विफ्टची डिकी 265 लिटरची, डिझायरची 382 लिटरची. स्विफ्टची लांबी 3860 मिलिमीटर, डिझायरची 3995. पहिल्या जाहीर किमतींत सर्वांत खालच्या एलएक्सआय व्हेरियंटमध्ये (एकाच गाडीच्या कमी-जास्त सोयींच्या आवृत्त्यांना व्हेरियंट म्हणतात) दोघींत 30 हजारांचा फरक होता. तो फरक तुम्ही डिकीसाठी आणि मागच्या बाकासाठी मोजता.

रोज एकट्याने वाकडहून हिंजवडीला जाणार असाल, घरात दोघंच असाल आणि गावी एसटीने किंवा रेल्वेने जात असाल, तर हॅचबॅक घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला विमा घ्या. सदाशिव, शनिवार, कसबा या पेठांत राहणाऱ्यांनी तर जास्तच विचार करावा. वाड्याच्या बोळात गाडी वळवताना मागची ती चौदा सेंटिमीटर रोज जाणवतात.

पण घरात आई-वडील असतील, दर महिन्याला कोल्हापूर, सातारा, नगर किंवा कोकण असेल, येताना तांदळाचं पोतं आणि आंब्याची पेटी असेल, तर पुढे वाचा.

पायरी 2: एका कागदावर तुमचा महिना लिहा

फक्त पाच गोष्टी. महिन्याला किती किलोमीटर. त्यातले शहरात किती, हायवेवर किती. मागे नेहमी कोण बसतं. सर्वांत जास्त सामान कधी असतं. गाडी कुठे उभी राहते.

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. कोथरूड, एरंडवण्यातल्या पुनर्विकास झालेल्या बऱ्याच इमारतींत आता एकावर एक गाडी चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं. त्या पाळण्याची आतली रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीकडून लेखी घ्या. डिझायर 1735 मिलिमीटर रुंद आहे, अमेझ 1733, ऑरा 1680, टिगोर 1677, आणि हे आरसे सोडून. पाच-साडेपाच सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. खांबाला चिकटून असलेल्या जागेत दार उघडून उतरताना तो क्षुल्लक राहत नाही.

पायरी 3: मागच्या सीटची परीक्षा

शोरूममध्ये गेलात की विक्रेता तुम्हाला चालकाच्या जागी बसवून टचस्क्रीन दाखवायला लागेल. नम्रपणे थांबवा. आधी पुढची सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावा, मग उतरा आणि तिच्याच मागे जाऊन बसा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आणि सर्वांत उंच माणसाला बरोबर नेलंच पाहिजे. फोनवर फोटो पाठवून हे काम होत नाही.

काय पाहायचं ते सांगतो. आत शिरताना डोकं किती वाकवावं लागतं. बसल्यावर मांडीला सीटचा आधार गुडघ्यापर्यंत मिळतो की मांडी अधांतरी राहते. पाय पुढच्या सीटखाली सरकतात का. उतरताना हात टेकवायला काय आहे. डोक्याचा टेका वरखाली होतो का, की सीटलाच जोडलेला आहे. एसीचा झोत मागे येतो का. हे शेवटचं व्हेरियंटप्रमाणे बदलतं, म्हणून ज्या व्हेरियंटचे पैसे देणार आहात त्याच गाडीत बसून पाहा. शोरूमच्या मध्यभागी उभी असते ती बहुतेक वेळा सर्वांत महागडी.

अमेझचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, 2470 मिलिमीटर आहे, बाकी तिघींचा 2450. फरक दोन सेंटिमीटरचा. त्यावरून मागच्या जागेचा निकाल लावू नका. कंपन्या ही जागा सीटची जाडी, तिचा कल आणि पुढच्या सीटच्या पाठीचा आकार बदलून कमावतात. म्हणूनच बसून पाहावं लागतं. रुंदीचं मात्र खरं आहे. मागे तिघं नेहमी बसणार असतील तर डिझायर आणि अमेझ या दोघींत खांद्याला थोडी जास्त जागा मिळते. तरीही सांगतो, या चारपैकी एकाही गाडीत मागे तीन मोठी माणसं पुण्याहून रत्नागिरीपर्यंत सुखाने जाणार नाहीत. दोघं मोठी आणि मध्ये एक लहान मूल, एवढीच या गटाची खरी क्षमता. कायम पाच मोठी माणसं असतील तर बजेट वाढवा किंवा वेगळ्या गटात जा.

आणि दहा मिनिटं बसा. दोन मिनिटांत सगळ्याच सीट मऊ लागतात.

पायरी 4: डिकी उघडा, आणि सीएनजी इथेच ठरवा

डिकीचे आकडे असे: टिगोर 419 लिटर, अमेझ 416, ऑरा 402, डिझायर 382. चारही पेट्रोल गाड्यांत दोन मोठ्या बॅगा आणि एक-दोन पिशव्या आरामात बसतात. लिटरपेक्षा डिकीचं तोंड किती रुंद आहे आणि ओठ किती उंच आहे, हे पाहा. जड बॅग तिथपर्यंत उचलावी लागते. घरी व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर तो शोरूमला घेऊन जा आणि ठेवून पाहा. लाजू नका, सात-आठ लाख तुमचे आहेत.

आता सीएनजी. डिझायर आणि ऑराच्या सीएनजी गाड्यांत टाकी डिकीत बसते आणि डिकीचा बराचसा भाग जातो. म्हणजे ज्या डिकीसाठी तुम्ही हॅचबॅक सोडून सेडानकडे आलात तीच उरत नाही. टिगोरमध्ये 2023 पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी झोपवल्या आहेत आणि वर सपाट फळी येते. जागा पेट्रोल गाडीइतकी नाही, पण बॅगा राहतात. शिवाय 2024 च्या सुरुवातीपासून टिगोरमध्ये सीएनजीबरोबर एएमटी, म्हणजे एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरही मिळतो, जो डिझायर आणि ऑराच्या सीएनजीत नाही. माझ्या मावसभावाने शेवटी टिगोर सीएनजी घेतली ती याच कारणाने. दर महिन्याची सातारा फेरी, मावशीचा वॉकर आणि मागे दोघंच.

सीएनजी परवडतं का, हे तोंडी सांगता येत नाही, मांडून पाहावं लागतं. उदाहरण म्हणून धरू: महिन्याला 1000 किलोमीटर, पेट्रोलवर शहरात लिटरला 16, सीएनजीवर किलोला 24, पेट्रोल 104 रुपये आणि गॅस 90 रुपये. पेट्रोलचा खर्च 6500, गॅसचा 3750, महिन्याची बचत 2750. डिझायरच्या व्हीएक्सआय व्हेरियंटच्या (एलएक्सआयच्या वरच्या) पेट्रोल आणि सीएनजी किमतीत सुरुवातीला 95 हजारांचा फरक होता, नव्या जीएसटीने तो साधारण 87 हजारांवर येतो. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला 32 महिने. महिन्याला 500 किलोमीटरच होत असतील तर पाच वर्षांहून जास्त. आजचे भाव आणि तुमचे किलोमीटर घालून हाच हिशोब पुन्हा करा.

पैशांत न दिसणाऱ्या दोन गोष्टीही मांडा. पुण्यात संध्याकाळी सीएनजी पंपावर रांग असते, तेव्हा तुमच्या रोजच्या वाटेवरच्या पंपावर एक दिवस त्याच वेळी जाऊन उभे राहा. किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते विसरून चालत नाही.

माझं मत विचाराल तर महिन्याला 800 किलोमीटरच्या खाली सीएनजीच्या वाटेला जाऊ नका.

पायरी 5: टेस्ट ड्राइव्ह चढावर घ्या, चौघांना घेऊन घ्या

नव्या डिझायरमध्ये सर्वांत मोठा बदल बोनेटखाली आहे. जुन्या गाडीत चार सिलिंडरचं, 90 पीएसचं इंजिन होतं. ते गुळगुळीत चालायचं आणि त्याच्या आठवणीवर अजूनही खूप लोक नवी गाडी बुक करतात. नवीत तीन सिलिंडरचं 1.2 लिटर इंजिन आहे, ताकद 82 पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर सुमारे 112 न्यूटन मीटर. सीएनजीवर ताकद 70 पीएसच्या आसपास उतरते. टिगोरचं इंजिनही तीन सिलिंडरचं, 86 पीएस. अमेझ 90 पीएस आणि ऑरा 83 पीएस, या दोघींत मात्र चार सिलिंडर आहेत.

तीन सिलिंडर वाईट असं नाही. कमी भाग, कमी घर्षण, म्हणून ॲव्हरेज चांगलं. पण तीन सिलिंडरच्या हालचाली एकमेकींचा तोल पूर्ण सांभाळत नसल्याने सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगला आणि सीटला बारीक थरथर जाणवते. काहींना ती जाणवतच नाही, काहींना रोज खटकते. तुम्ही कोणत्या गटातले, हे फक्त तुम्हालाच कळेल. गाडी सुरू करा, एसी पूर्ण लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, एक मिनिट गप्प बसा. मागे बसलेल्यालाही विचारा.

मग रस्ता. शोरूमवाले साधारण पाच-सहा किलोमीटरचा सपाट फेरा मारून आणतात. सपाट रस्त्यावर या चौघींत फरक कळत नाही. म्हणून शोरूम निवडतानाच चढ जवळ असलेला निवडा. पौड रोडवरून चांदणी चौकाकडे जाणारा चढ, कात्रजचा जुना घाट, कोंढवा-एनआयबीएम परिसरातले चढ, पाषाण-सूस रस्ता, यातलं जे जवळ पडेल ते. फोन करून आधीच सांगून ठेवा की चढावर चालवायची आहे आणि चार माणसं असतील. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, पुण्यात शोरूमना तोटा नाही.

चढावर काय करायचं? एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अगदी मंदावू द्या, रिक्षा पुढे आल्यावर होते तशी, आणि मग ॲक्सिलरेटर दाबा. गाडी उचलते की पहिला गिअर मागते? मग चढावरच थांबा आणि पुन्हा निघा. नवशिक्या चालकाची खरी भीती इथेच असते. पाठीमागे दुचाकी चिकटून उभी असते आणि गाडी मागे घसरते की काय या धास्तीने क्लच जळतो. डिझायरमध्ये गाडी चढावर क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्ड सोय सगळ्या व्हेरियंटमध्ये आहे. बाकी गाड्यांत तुम्हाला हव्या असलेल्या व्हेरियंटमध्ये ती आहे का, विचारा आणि करून पाहा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर इथे दोन वेगळ्या जाती आहेत. डिझायर, ऑरा आणि टिगोरमध्ये एएमटी असते. गिअरबॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. गिअर बदलताना किंचित धक्का येतो, ॲक्सिलरेटर जरा सैल केला की कमी होतो. अमेझमध्ये सीव्हीटी आहे. त्यात पायऱ्याच नाहीत, पट्ट्यावर चालणारी सलग चाल. सिंहगड रस्त्यावर किंवा नगर रोडवर सायंकाळी खराडीपर्यंत रांगत जायचं असेल तर सीव्हीटीसारखं सुख नाही. त्याची किंमतही तशी. डिझायरमध्ये एएमटीसाठी मॅन्युअलपेक्षा 45 हजार जास्त पडायचे, अमेझमध्ये सीव्हीटीसाठी 1 लाख 20 हजारांपर्यंत. डावा गुडघा दुखत असेल आणि बजेट ताणता येत असेल तर मी अमेझ सीव्हीटी घ्या म्हणेन. ताणता येत नसेल तर एएमटी घ्या, महिन्याभरात पाय तिच्याशी जुळतो.

परत येताना एक-दोन मोठे गतिरोधक तिरके न जाता सरळ पार करा, चार माणसांसकट. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, 163 मिलिमीटर, टिगोरचा 170, अमेझचा 172. रिकाम्या गाडीत तिघी निभावतात. पाच माणसं आणि भरलेली डिकी असताना मागचा भाग बसतो, तेव्हा हे सात-नऊ मिलिमीटर उपयोगी पडतात. गल्लीतल्या रहिवाशांनी स्वतः घातलेले गतिरोधक तुमच्या वाटेवर असतील तर हे गांभीर्याने घ्या.

पायरी 6: ॲव्हरेजचा आकडा कुठून येतो

वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर एआरएआयच्या भिंतीजवळून रोज जातात. 1966 साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या गाड्यांच्या अधिकृत चाचण्या करते. ब्रोशरमधला ॲव्हरेजचा आकडा अशाच प्रयोगशाळेत निघतो. गाडी रोलरवर उभी असते, ठरवून दिलेल्या वेगांच्या आराखड्यावर चालवतात, वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. त्यात स्वारगेटचा सिग्नल नसतो, खड्डा नसतो, मागे बसलेली तीन माणसं नसतात.

म्हणून हा आकडा खोटा नाही, पण तो गाड्या एकमेकींशी ताडून पाहण्यापुरता वापरायचा. डिझायर मॅन्युअल 24.79, एएमटी 25.71, सीएनजी किलोला 33.73. अमेझ मॅन्युअल 18.65, सीव्हीटी 19.46. दोघींतला हा मोठा फरक प्रत्यक्षातही दिसतो, थोडा कमी होऊन. पुण्याच्या गर्दीत मी ब्रोशरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून हिशोब धरतो. डिझायरची पेट्रोलची टाकी 37 लिटरची आहे, अमेझची 35. हल्ली पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यानेही ॲव्हरेज किंचित उतरतं. चारही नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, तेव्हा इंजिनाची चिंता नको.

पायरी 7: सुरक्षिततेचे तारे नीट वाचा

नव्या डिझायरबद्दल मला मनापासून आनंद झाला तो इथे. गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या 2024 च्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी 5 तारे आणि मुलांसाठी 4 तारे मिळाले. सहा एअरबॅग आणि घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा अगदी खालच्या एलएक्सआयपासून आहे. म्हणजे कमी पैसे दिले म्हणून कमी सुरक्षितता, असं इथे नाही. नव्या अमेझमध्येही सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत.

टिगोरचे 4 तारे जानेवारी 2020 चे. तेव्हाची चाचणी आजच्याइतकी कडक नव्हती. 2022 मध्ये नियम बदलले, बाजूच्या धडकेचा आणि ईएसपीचाही विचार होऊ लागला. म्हणून 2020 चे चार आणि 2024 चे पाच असे शेजारी ठेवून एकाच ताऱ्याचा फरक समजू नका. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही सुरू झाली आहे. तुमच्या निवडलेल्या गाडीचा ताजा निकाल तिथे पाहा, आणि निकालात किती एअरबॅगची गाडी तपासली ते वाचा.

अमेझच्या सर्वांत वरच्या झेडएक्समध्ये कॅमेऱ्यावर चालणारी सहायक यंत्रणा आहे. पुढच्या गाडीवर आदळायची वेळ आली तर ब्रेक लावते, लेन सुटली तर सांगते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर वारंवार जाणाऱ्याला ती खरोखर कामाची. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसत असताना तिचा उपयोग मर्यादितच. फक्त तिच्यासाठी वरचं व्हेरियंट घेऊ नका.

मागचा पट्टा. पुण्यात मागे बसलेला क्वचितच लावतो. टेस्ट ड्राइव्हलाच घरच्यांना मागचा पट्टा लावायला सांगा. बक्कल सीटच्या फटीत बुडत असेल, आजोबांच्या हाताला सापडत नसेल, तर तो पुढे कधीच लागणार नाही. ही तपासणी कुठल्याच तक्त्यात नसते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

पायरी 8: व्हेरियंट

थोडक्यात. सनरूफ आणि चारही बाजूंचा कॅमेरा हवा म्हणून डिझायरच्या सर्वांत वरच्या झेडएक्सआय प्लसकडे ओढले जाल. पहिली गाडी असेल तर व्हीएक्सआय पुरते. मागे जाताना अंदाज येत नसेल तर रिव्हर्स कॅमेरा नंतरही बसवता येतो. 10 लाखांची रेषा ओलांडताना मात्र थांबा. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स लागतो, त्याहून महाग गाडीला 12 टक्के. 9 लाख 95 हजारांच्या गाडीला 1,09,450 रुपये, 10 लाख 5 हजारांच्या गाडीला 1,20,600. किंमत दहा हजारांनी वाढते आणि कर अकरा हजारांनी. शिवाय 10 लाखांच्या वर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, कापतात, तो आयकर विवरणपत्र भरताना परत मागता येतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. सीएनजी गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे, हेही वरच्या हिशोबात धरा.

डिझायर टॅक्सीत फार दिसते म्हणून नको, असंही ऐकतो. टॅक्सीवाला दिवसाला शेकडो किलोमीटर पळवून ज्या गाडीवर पोट भरतो तिचे सुटे भाग स्वस्त आणि मेकॅनिक गल्लोगल्ली असतात. गाडीची ही सर्वांत मोठी शिफारस आहे.

पायरी 9: कोटेशन लेखी, ओळीओळीने

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी एका शोरूमने तोंडी एक रक्कम सांगितली आणि बुकिंगनंतरच्या कागदावर ती 38 हजारांनी वाढलेली होती. "अत्यावश्यक ॲक्सेसरीज पॅक" आणि "हँडलिंग". बुकिंगचे पैसे अडकले होते म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

ऑन-रोड किमतीत या ओळी वेगवेगळ्या मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी आणि नंबर प्लेट, विमा, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज, इतर. एक्स-शोरूम किंमत, कर आणि सरकारी फी यांपलीकडची प्रत्येक ओळ नाकारता येते किंवा बाहेरून घेता येते. हँडलिंग म्हणून रक्कम लावली असेल तर ती कशाची, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा ती तिथेच वगळतात.

विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा लागतोच. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर काढा, पण आयडीव्ही म्हणजे गाडीचं विमामूल्य सारखं ठेवूनच ताडून पाहा, नाहीतर स्वस्त विमा म्हणजे नुसतं कमी मूल्य निघतं. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणारं कवच, पहिली तीन-चार वर्षं घ्या. नदीकाठी राहत असाल किंवा पार्किंग तळघरात असेल तर इंजिन संरक्षणाचं कवचही घ्या. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रातोरात पाणी शिरलं, तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहिली आणि इंजिन गेलं, तर साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही.

सूट मागायची वेळ म्हणजे डिसेंबर. पण डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत कागदावर एक वर्ष जुनी होते, विकताना ते पाहतात. आठ-दहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर सूट घ्या. तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर जानेवारीत बनलेली घ्या.

पायरी 10: डिलिव्हरीच्या आधीचा दिवस

पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते. त्या गडबडीत गाडी नीट पाहणं अशक्य. म्हणून आदल्या दिवशी, उजेडात, यार्डात जाऊन पाहा. नोंदणी होण्यापूर्वीच पाहा, कारण एकदा एमएच 12 किंवा एमएच 14 चा क्रमांक पडला की गाडी बदलून मिळणं अवघड.

फॉर्म 22 मागा, त्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते असतं. चासी क्रमांक कागदाशी जुळवा. किलोमीटर किती झालेत ते पाहा, पन्नासच्या वर असतील तर का, ते विचारा. चारही दारांच्या कडा आणि डिकीची फट बोटाने तपासा, रंगाचा पोत वेगळा लागला तर थांबा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच कंपनीचे आहेत का. दोन्ही किल्ल्या चालतात का. पंखे, काचा, वायपर, सगळे दिवे, एसी.

मग मागच्या सीटवर जाऊन बसा आणि तिन्ही पट्टे ओढून, लावून, सोडून पाहा. घरी ज्यांना न्यायचं आहे त्यांना दुसऱ्या दिवशी तिथेच बसवायचं आहे.